थकलेलं देणं कोण फेडणार?



कापूस पिकतो एका मुलखात, गिरणी चालते दुसऱ्यात, आणि जकातीचा कायदा करणारे बसतात तिसरीकडेच. हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली तेव्हा तिथंही हाच तंटा माजला. उत्तरेकडच्या गिरणीमालकांना विलायती मालावर जबर जकात हवी होती. दक्षिणेच्या जमीनदारांना ती नको होती, कारण त्यांचा कापूस विलायतेला जाई आणि महाग माल त्यांच्या माथी पडे. १८२८ साली जकात चढली. १८३२ साली दक्षिण कॅरोलायनानं 'ती आमच्या हद्दीत चालायची नाही' असं ठणकावलं. पुढच्या साली तडजोड झाली. पण कापूस वेचणाऱ्या गुलामाला आणि लोवेलच्या गिरणीत मागावर उभ्या राहणाऱ्या पोरींना कुणी विचारलं? कुणीच नाही!

आता आपल्याकडे पाहा. १८९६ साली इंग्रज सरकारनं इथल्या गिरणी-कापडावर साडेतीन टक्के कर बसवला, तो मँचेस्टरवाल्यांची मर्जी राखायला. तो उठायला १९२६ साल उजाडलं. औरंगाबादेत १८८९ साली गिरणी उभी राहिली, सातशे माणसं तिच्यात राबू लागली. पण राज्य निजामाचं, नाणं हाली, जकातही निराळी. मराठी माल मराठी मुलखात निघाला तरी वाटेत नाका!

तो नाका मोडला. १९५३ च्या नागपूर करारात वचन मिळालं: लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, शिक्षण, नोकऱ्या. त्या शब्दावर भरवसा ठेवून मराठवाडा आला. १९६० साली राज्य झालं. आणि १९८४ साली दांडेकर समितीनं हिशेब मांडला, तर मराठवाड्याचा अनुशेष निघाला सुमारे ७५० कोटी रुपये! अनुशेष हा पंडितांचा शब्द. आपल्या भाषेत थकलेलं देणं.

कारखाने आलेच नाहीत असं आम्ही म्हणत नाही. चिकलठाणा, वाळूज उभं राहिलं, पुंडलिकनगरासारख्या वस्त्या भरल्या. पण एका शहरात भोंगे वाजले म्हणून बीड-परभणीच्या पोरांचं गाव सोडणं काही थांबलं नाही.

हे बोललं की लगेच ओरड होते, राज्य फोडता काय? साफ खोटं! कॅरोलायनाच्या जमीनदाराला आपले गुलाम राखायचे होते. आम्हाला आमचा वाटा हवा. तोही मुंबईच्या गिरणी कामगाराच्या ताटातला नको. १९८२ च्या संपानंतर त्याचं ताट तरी कुठं उरलं?

वैधानिक विकास मंडळ १९९४ साली मिळालं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मतं मागायला येईल त्याला पहिलं हेच विचारा: देणं कोणत्या अर्थसंकल्पात, किती हप्त्यांनी फेडणार? आणि आकडा कागदावर लिहून घ्या.