भिंग एकच, पण कोणते?

कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘झूम किती आहे?’ समोर ठेवलेल्या कॅमेऱ्याला झूम नाहीच, असे कळले की दुसरा प्रश्नही ठरलेला, ‘मग एवढे पैसे कशाचे?’

प्रश्न रास्त आहे. न बदलणाऱ्या, न हलणाऱ्या एकाच भिंगाचे डिजिटल कॅमेरे स्वस्त नसतात. तरीही गेल्या काही वर्षांत त्यांना मागणी आहे. कारणेही तशीच आहेत. भिंग एकच असल्याने ते लहान ठेवता येते, त्याच्या आतून उजेड भरपूर घेता येतो, आणि ते त्याच कॅमेऱ्यासाठी घडवलेले असल्याने चित्र स्वच्छ येते. कॅमेरा पिशवीत, काही तर शर्टाच्या खिशात मावतो. जो सोबत असतो, त्याच कॅमेऱ्याने फोटो निघतात. कपाटातल्या जड कॅमेऱ्याने निघत नाहीत.

पण धोकाही एकच आणि मोठा आहे. भाड्याचे घर बदलावे तसे इथे भिंग बदलता येत नाही. ते किती रुंद पाहणार, हे पैसे मोजतानाच ठरते. म्हणूनच ‘फोकल लेंग्थ’ नावाचा एक आकडा आधी नीट समजून घेतला पाहिजे. शाळेच्या पुस्तकात यालाच नाभीय अंतर म्हटले होते.

खिडकी आणि डोळा

घरातल्या खिडकीपाशी जाऊन उभे राहा. चौकटीला नाक लावले, तर रस्त्याची दोन्ही टोके दिसतात. चार पावले मागे आलात, तर त्याच चौकटीत समोरच्या इमारतीचा एखादा गॅलरीचा तुकडाच उरतो. कॅमेऱ्यात खिडकी म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर आणि डोळ्याचे खिडकीपासूनचे अंतर म्हणजे फोकल लेंग्थ. आकडा लहान तर दृश्य रुंद, आकडा मोठा तर दृश्य अरुंद.

आता खिडकीच लहान असेल तर? तेवढाच रस्ता दिसण्यासाठी आणखी जवळ जावे लागेल. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तसेच होते. त्यामुळे फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेतल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर २३ मिलिमीटर लिहिलेले असते, पण ते पाहते जुन्या फिल्म कॅमेऱ्यातल्या ३५ मिलिमीटरच्या भिंगाइतके. रिको जीआर-३ वर १८.३ लिहिलेले असते, ते २८ च्या बरोबरीचे. दुकानात दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना भिंगावरचा आकडा पाहू नये. ‘३५ मिमी समतुल्य’ आकडा विचारावा. पुढे या लेखात येणारे सगळे आकडे तसेच समतुल्य आहेत.

चार आकड्यांचा बाजार

जर्मनीच्या ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाची फिल्म वापरून खिशात मावणारा कॅमेरा बनवला आणि १९२५ साली लायका बाजारात आला. त्याच्या चित्राची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची होती आणि भिंग ५० मिलिमीटरचे. तेव्हापासून ५० हे ‘नेहमीचे’ भिंग मानले गेले. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम याच भिंगाने केले. खरे तर त्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर भरतो आणि कर्णाइतकी फोकल लेंग्थ ‘ना रुंद, ना अरुंद’ समजली जाते.

एकाच भिंगावर आयुष्याचे काम होत नाही, असे वाटणाऱ्यांनी होमाई व्यारावाला आठवाव्यात. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरलेल्या व्यारावाला रोलायफ्लेक्स कॅमेरा वापरत. त्या कॅमेऱ्याचे भिंग काढता येत नसे आणि त्याला झूमही नव्हते. घराघरांत पोहोचलेला, भारतात बनलेला आग्फा क्लिक थ्री हाही एकाच भिंगाचा, एका रोलमध्ये १२ फोटो देणारा. अनेक घरांतल्या आजी-आजोबांचे जपून ठेवलेले फोटो असल्याच कॅमेऱ्यांचे आहेत.

डिजिटल कॅमेऱ्यांत आज चार आकडे मुख्य आहेत. २८ मध्ये रिकोची जीआर मालिका आणि लायकाची क्यू मालिका. ३५ मध्ये फुजीफिल्मची एक्स१०० मालिका आणि सोनीची आरएक्स१. ४० च्या आसपास २०२१ साली आलेला रिको जीआर-३एक्स आणि २०२४ साली आलेला ४३ मिलिमीटरचा लायका क्यू३. चौथा आकडा ५० चा, पण न निघणाऱ्या भिंगात तो क्वचितच मिळतो. तुलनेसाठी मात्र तो उपयोगी पडतो.

दहा फुटांच्या खोलीत

हे आकडे घरात आणून पाहिले, की खरा फरक कळतो. हिशेब सोपा आहे. समोरच्या माणसापर्यंतचे अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंग्थ. आडव्या फोटोत तेवढी रुंदी मावते.

खोली दहा फुटांची आहे असे समजा. फोटो काढणारा भिंतीला टेकला आणि समोरची मंडळी पलीकडच्या भिंतीपासून थोडी पुढे उभी राहिली, तर मध्ये आठ फूट उरतात. या आठ फुटांवर २८ चे भिंग सव्वादहा फूट रुंदी घेते, ३५ चे सव्वाआठ, ४० चे सव्वासात आणि ५० चे पावणेसहा. माणशी दीड फूट धरले, तर अनुक्रमे सहा, पाच, चार आणि तीन माणसे एका ओळीत मावतात. वाढदिवसाच्या दिवशी सहा जण केकभोवती उभे असतील आणि हातात ५० चे भिंग असेल, तर फोटो काढणाऱ्याला दाराबाहेर जिन्यात जावे लागेल!

३५ चा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात रुंदी जवळजवळ अंतराइतकीच येते. सहा फुटांवरून सहा फूट, दहा फुटांवरून दहा. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच काय मावेल, हे कळते. बहुतेकांना ३५ ची सवय लवकर होते, त्यामागे हेही एक कारण असावे.

संध्याकाळच्या मंद दिव्यातही लहान आकड्याचा फायदा होतो. हात हलून फोटो बिघडू नये म्हणून जुने छायाचित्रकार एक नियम पाळत: ५० च्या भिंगाला सेकंदाचा पन्नासावा भाग, २८ च्या भिंगाला अठ्ठाविसावा. म्हणजे दिवाळीच्या पणत्यांच्या उजेडात रुंद भिंग थोडे जास्त सांभाळून घेते. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हादरा शोषण्याची सोय असल्याने हा फरक कमी झाला आहे. पण पळणाऱ्या नातवाचा धुरकटपणा ती सोय घालवू शकत नाही.

चेहरा बिघडतो तो अंतराने

‘रुंद भिंगाने नाक मोठे येते’, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष भिंगाचा नसतो, अंतराचा असतो. डोके आणि खांदे, म्हणजे सुमारे दोन फुटांचा भाग उभ्या फोटोत भरून हवा असेल, तर २८ चे भिंग घेऊन दीड फुटावर जावे लागते. ३५ ला दोन फूट पुरतात आणि ५० ला पावणेतीन. दीड फुटावर कानांपेक्षा नाक बरेच जवळ असते, म्हणून ते मोठे दिसते. त्याच जागेवरून ५० च्या भिंगानेही नाक तेवढेच मोठे दिसेल. रुंद भिंगात चौकटीच्या कडेला बसलेली माणसे मात्र ताणल्यासारखी, जाड दिसतात. म्हणून समूहाच्या फोटोत जाऊबाईंना अगदी टोकाला उभे करू नये. पुढे अल्बम पाहताना शांतता राहते!

इथे माणसाच्या स्वभावाचाही प्रश्न येतो. २८ च्या भिंगाला जवळ जायला लागते. जो जवळ जायला बुजतो, त्याच्या फोटोत मोकळी जमीन आणि छतच फार दिसते, माणसे मुंगीएवढी. मुलांना कॅमेरा नाकाशी आला तरी चालते. पण कॅमेरा दिसताच पदर सावरून ताठ बसणाऱ्या आजींचे काय? त्यांचे हसू टिपायचे, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला गप्प बसून राहावे लागते. तिथे ४० किंवा ५० चे भिंग उपयोगी पडते. म्हणून आपण कसले फोटो काढतो याइतकेच, आपण किती जवळ जातो, हेही स्वतःला विचारून घ्यावे.

माणूस की माणसाचे घर?

जुना अल्बम उघडला, की घरातले सगळे चेहरे तर पाहतातच, पण लवकरच बोटे मागच्या गोष्टींवर जातात. हे कॅलेंडर, तो रेडिओ, आईने विणलेले मेजावरचे कापड, विकून टाकलेल्या घरातला तो निळा दरवाजा. फोटो काढणाऱ्याने त्या गोष्टी मुद्दाम घेतलेल्या नसतात. भिंग पुरेसे रुंद होते, म्हणून त्या आल्या.

मोठ्या आकड्याचे भिंग चेहरा वेगळा काढते, मागचे पुसट करते. फोटो देखणा होतो. पण स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या आईचा फोटो वीस वर्षांनी पाहताना तिच्या हातांसोबत तो ओटा, ते डबे, खिडकीतला उजेडही हवासा वाटतो. आणि तेव्हा ते घर असेलच असे नाही. घरच्यांचे फोटो हाच मुख्य हेतू असेल, तर ४३ च्या वर जाण्याआधी दोनदा विचार करावा, तो यासाठी.

कापता येते, जोडता येत नाही

डिजिटल चित्राचा मधला भाग कापून घेता येतो, तेव्हा रुंद भिंगातून अरुंद दृश्य मिळते. उलटे करता येत नाही. चौकटीबाहेर राहिलेला काका नंतर आत आणता येत नाही.

कापण्याची किंमत किती, हेही पाहावे. २०२४ साली आलेल्या एक्स१००-सिक्समध्ये सुमारे ४ कोटी बिंदूंचे चित्र मिळते. त्याच्या ३५ मधून ५० चे दृश्य कापले, तर निम्मे म्हणजे २ कोटी बिंदू उरतात. रिको जीआर-३ मध्ये २ कोटी ४० लाख बिंदू आहेत. २८ मधून ५० चे दृश्य कापल्यास सुमारे ७५ लाख उरतात. अल्बममधल्या ६ बाय ४ इंचांच्या चांगल्या छपाईला २२ लाख पुरतात आणि १२ बाय ८ ला सुमारे ८६ लाख लागतात. म्हणजे एका पायरीचे कापणे निर्धास्तपणे करावे, दोन-तीन पायऱ्यांचे करताना भिंतीवर मोठा फोटो लावायचा विचार सोडावा. काही कॅमेऱ्यांना पुढून चढवायची जोडभिंगे मिळतात. पण ती पिशवीत बाळगायची, तर लहान कॅमेरा घेण्यात काय साधले?

पैसे देण्याआधी आठ दिवस

निवड करण्याचा खात्रीचा मार्ग फुकट आहे. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २८ च्या आसपासचा असतो. दोन दिवस त्याला अजिबात न वाढवता फोटो काढावेत. हे झाले २८ चे घर. पुढचे दोन दिवस दृश्य दुप्पट करून, म्हणजे २एक्स वर ठेवून काढावेत, ते साधारण ५० च्या जवळचे. मग दीडपटीवर, ते ३५ ते ४० च्या दरम्यानचे. घरात झूमचा जुना कॅमेरा असेल आणि त्याच्या भिंगावर १८-५५ लिहिलेले असेल, तर कड्यावर १८ म्हणजे २७-२८ च्या जवळ, २४ म्हणजे ३६ च्या जवळ आणि ३५ म्हणजे ५० च्या जवळ. कडे चिकटपट्टीने बांधून टाकावे आणि घरात, बाजारात, देवळाच्या आवारात फिरावे.

शेवटच्या दोन दिवसांत काढलेले सगळे फोटो पाहावेत. जिथे मागे सरकायला भिंत आडवी आली, ते वेगळे ठेवावेत. जिथे माणूस फार लहान आला, ते वेगळे. ज्या ढिगात तक्रारी कमी, तो आकडा आपला. दुकानदाराचा नव्हे आणि मेहुण्याचाही नव्हे.

मग घ्यावे कोणते?

चाचणी करायला सवडच नसेल, तर ढोबळ सल्ला असा. घरात हा एकच कॅमेरा असणार असेल, मोबाइलने फोटो काढायची सवय नसेल, तर ३५ घ्यावे. खोलीत पुरते, प्रवासात पुरते, चेहराही बिघडवत नाही. लहान जागा, मोठे कुटुंब, गर्दीचे सण आणि जवळ जायची हौस असेल, तर २८ घ्यावे आणि गरजेप्रमाणे कापावे. पण खिशात चांगला मोबाइल आहे आणि रुंद दृश्ये त्यानेच निघतात, अशा घरात २८ वर वेगळे पैसे घालण्यात अर्थ कमी. तिथे ४० च्या आसपासचे भिंग मोबाइलला न जमणारे काम करील.

कोणतेही घेतले, तरी पहिला महिना चिडचिड होणार, हे गृहीत धरावे. झूमच्या दांडीकडे बोट जाईल आणि तिथे काही नसेल. मग पाय पुढे जातील, मागे येतील, माणूस वाकेल, खुर्चीवर चढेल. दुसऱ्या महिन्यात कॅमेरा उचलण्याआधीच पाय योग्य जागी जाऊन उभे राहू लागतात. तसे झाले, की आकडा बरोबर निवडला असे समजावे. तीन महिन्यांनीही तसे झाले नाही, तर हौस म्हणून ठेवून न देता, चांगली किंमत येते तोवर कॅमेरा विकून टाकावा आणि दुसरा आकडा घ्यावा.