पाच राउंडचा इंटरव्ह्यू आणि शून्य राउंडचा महाधिवक्ता

मंडळी, आमच्या धंद्यात दोन वर्षं अनुभवाचा पोरगा घ्यायचा तरी चार-पाच राउंड होतात. कोडिंग, डिझाइन, मॅनेजर, एचआर... आधीच्या कंपनीत काय केलंस, का सोडलीस, सगळं खणून काढतात. आता सांगा, राज्याचा सगळ्यात मोठा वकील, म्हणजे महाधिवक्ता, किती राउंडनंतर नेमतात?

शून्य!

राज्यघटनेचं कलम १६५ सांगतं की उच्च न्यायालयाचा न्यायाधीश व्हायला पात्र असलेली व्यक्ती राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेतोवर ती पदावर राहते. व्यवहारात राज्यपाल म्हणजे मंत्रिमंडळ. विधिमंडळाला कुणी विचारत नाही. आम्ही ट्रॉम्बेकर अणुशक्तीनगरमधून जो आमदार निवडून देतो, त्यालाही नाव कळतं ते नेमणूक झाल्यावर. गंमत म्हणजे कलम १७७ नुसार हाच महाधिवक्ता दोन्ही सभागृहांत येऊन बोलू शकतो, फक्त मत देऊ शकत नाही. तो सभागृहाशी बोलणार, पण सभागृहाने त्याला आधी काही विचारायचं नाही!

'आपल्याला काय त्याचं?' असं म्हणू नका. आमच्याकडे एका बाजूला खाडी आणि कोळीवाडा, दुसरीकडे चीता कॅम्प, शेजारी रिफायनऱ्या. मासेमारी, झोपड्या, प्रदूषण, यातलं काहीही हायकोर्टात गेलं की सरकारची भूमिका काय हा प्रश्न येतोच. मोठ्या प्रकरणांत उत्तर द्यायला हाच माणूस उभा राहतो.

२०१६ आठवतंय? श्रीहरी अणे यांना २०१५ मध्ये महाधिवक्ता केलं. वेगळ्या विदर्भाबद्दलचं त्यांचं मत जगजाहीर होतं. मार्च २०१६ मध्ये ते मराठवाड्याबद्दलही तसंच बोलले आणि ऐन अधिवेशनात विधिमंडळ पेटलं. विरोधक तर होतेच, सत्तेतली शिवसेनाही होती. २२ मार्चला अण्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर कित्येक महिने कारभार प्रभारी महाधिवक्त्यावर चालला. अण्यांचं मत बरोबर की चूक हा माझा मुद्दाच नाही. नेमणुकीआधी एक साधा प्रश्न कुणी विचारायला हवा होता, 'पदावर असताना या विषयावर जाहीर बोलणार का?' तो विचारायची जागाच नव्हती. आपलं सभागृह महाधिवक्त्याला आरडाओरडा करून घालवू शकतं, पण शांतपणे तपासू शकत नाही. टेस्टिंग नाही, थेट प्रॉडक्शन!

अमेरिकेत ॲटर्नी जनरलला सिनेटची मंजुरी लागते. १९२५ मध्ये अध्यक्ष कूलिज यांनी चार्ल्स वॉरन यांचं नाव पाठवलं. साखर ट्रस्टशी जुने लागेबांधे असलेला माणूस मक्तेदाऱ्यांवर खटले काय भरणार, असा आक्षेप निघाला. मतं पडली ४०-४०. निर्णायक मत देऊ शकणारे उपाध्यक्ष डॉज त्या वेळी हॉटेलात डुलकी काढत होते! वॉरन पडले. आता, तिथला ॲटर्नी जनरल न्यायखात्याचाही प्रमुख असतो आणि तिथलं मतदान बरंचसं पक्षानुसारच होतं, हे मान्य. पण 'आजवर कुणाचं काम केलंत?' हा प्रश्न तरी चारचौघांत विचारला जातो.

यावर ठरलेलं उत्तर येतं की सरकार अशील आहे, त्याने आपला वकील निवडला तर बिघडलं कुठे? बिघडतं असं, की फी आपल्या करातून जाते. शिवाय १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार साध्या नागरिकाला हायकोर्टात फौजदारी अवमानाची याचिका करायची तर महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. हा अधिकार कुठल्या खाजगी वकिलाला असतो हो? दुसरं उत्तर, अशाने राजकारण घुसेल. २०१६ मध्ये काय भजन चाललं होतं?

मी नकाराधिकार मागत नाहीये, त्याला घटनादुरुस्ती लागेल. सरकारने मनावर घेतलं तर नेमणुकीआधी दोन्ही सभागृहांच्या समितीपुढे एक तास जाहीर प्रश्नोत्तरं ठेवता येतील. प्रश्न तीनच: गेल्या पाच वर्षांत राज्याविरुद्ध कुणाकुणाची वकीलपत्रं घेतलीत? कुठल्या प्रकरणांतून बाजूला राहाल? आणि सरकारचा आदेश बेकायदा वाटला तर कोर्टात काय सांगाल?

शेवटी निवड मंत्रिमंडळच करो, पण उत्तरं नोंदलेली राहतील आणि पुढे दाखवता येतील. उद्या सोमवार, मला पुन्हा एका फ्रेशरचा इंटरव्ह्यू घ्यायचाय. त्याला मी यापेक्षा जास्त प्रश्न विचारणार आहे.

बघा पटतंय का.