भंडारा मध्ये की भंडाऱ्यात?

गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. मराठी घेऊन बी.ए. झालेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा पण वाचणारा मुलगा. काय करतोस, असे विचारल्यावर म्हणाला, "सर, नावे घेतो." क्षणभर वाटले, हा वारकरी झाला की काय! त्याने मोबाइल पुढे केला. इंटरनेटवरील चाळीसेक पत्ते त्याच्या मालकीचे होते. काही गावांच्या नावाचे, काही किल्ल्यांच्या, काही संतांच्या. नाव घ्यायचे, त्यावर संकेतस्थळ उभारायचे, गूगलच्या पहिल्या पानावर ते येईल असे लेख त्यात भरायचे आणि जाहिरातींचे पैसे मिळवायचे. एखादे नाव चांगले वाढले की विकून टाकायचे. त्याला माझ्याकडून भंडारा जिल्ह्यावर आठशे शब्दांचा लेख हवा होता. अटी दोनच. 'भंडारा' हा शब्द किमान नऊ वेळा यावा, आणि, हे सांगताना तो थोडा ओशाळला, "सर, सामान्यरूप करू नका."

ज्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत मी सामान्यरूपाच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या होत्या, त्यानेच ही अट घालावी, हा काव्यगत न्याय मला आवडला. त्याचे कारणही सरळ होते. लोक शोधताना 'भंडारा' असे लिहितात, 'भंडाऱ्यातील' असे लिहीत नाहीत. यंत्र अक्षरांची माळ जुळवून पाहते. 'भंडाऱ्यात' म्हटले की मूळ शब्दाचा शेवटचा आकार गेला, माळ तुटली. म्हणून 'भंडारा मध्ये पाहण्यासारखी ठिकाणे', 'भंडारा चे तलाव'. आता शोधयंत्रे पूर्वीइतकी भाबडी राहिलेली नाहीत, हे त्यालाही ठाऊक होते. पण धंद्यातील समजुती यंत्रापेक्षा सावकाश बदलतात.

या व्यवसायाला नाके मुरडण्याचा माझा हेतू नाही. जागेचा व्यवहार जसा असतो तसाच हा नावांचा व्यवहार आहे, आणि आपल्या मुंबईने तो फार लवकर ओळखला. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ'ने एका कंपनीविरुद्ध दाद मागितली होती. त्या कंपनीने एका रोमन अक्षराचा फरक करून, 'ई'च्या जागी 'ए' घालून, जवळजवळ तसेच नाव घेतले होते. न्यायालयाने असे नाव म्हणजे केवळ पत्ता नव्हे, त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, ही भूमिका घेतली. २००४ मध्ये 'सत्यम इन्फोवे'च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तोच मार्ग धरला. ध्वनिविज्ञान शिकवणाऱ्यांनी हे खटले जरूर वाचावेत. एका स्वराची किंमत किती, हे तिथे न्यायमूर्ती ठरवीत आहेत. पुढे मुंबईच्याच तुराखिया बंधूंनी 'डायरेक्टी' या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीतून नावांच्या नोंदणीचा आणि रिकाम्या नावांवर जाहिराती लावण्याचा मोठा व्यवसाय उभारला. त्यांच्यापैकी एकाची 'मीडिया डॉट नेट' २०१६ मध्ये सुमारे नव्वद कोटी डॉलरना विकली गेली. तेव्हा वर्षाला हजार-बाराशे रुपये भरून एक नाव धरून ठेवणारा भंडाऱ्याचा मुलगा त्याच वाटेवरचा, फार मागून चालणारा, वाटसरू आहे.

माझा आक्षेप नावाच्या खरेदीला नाही. नावामागे जे गद्य उगवते त्याला आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ते गद्य परिचित आहे. 'नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण अमुक यांची माहिती मराठी मध्ये पाहणार आहोत.' मग जन्म, बालपण, शिक्षण, कार्य. प्रत्येक परिच्छेदाला मथळा, प्रत्येक मथळ्यात पुन्हा पूर्ण नाव. शेवटी 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न', ज्यांची उत्तरे वर येऊन गेलेली असतात. वाचकाला सर्वनाम कळते, यंत्राला नाव लागते, म्हणून 'ते', 'त्यांनी', 'त्यांचे' हे शब्द या गद्यातून जवळजवळ हद्दपार झाले आहेत. 'तुकाराम माहिती मराठी' या तीन शब्दांना विभक्ती नाही, क्रियापद नाही, परस्परसंबंधही नाही. तरी ते आज शीर्षक म्हणून मिरवते. नामाच्या आवर्तनाची आपल्याला सवय आहे खरी, पण नामस्मरणात म्हणणारा बदलतो अशी तरी श्रद्धा असते.

अर्थात सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे सोपे आहे. सामान्यरूप चुकवण्याची कला आपल्या कचेऱ्यांनी फार पूर्वीच साधली होती. 'मौजे अमुक येथे', 'भंडारा येथील' हे शब्दप्रयोग कोणत्या शोधयंत्राने शिकवले? गावाचे नाव वाकवायला शासकीय मराठी नेहमीच घाबरत आली आहे. फरक एवढाच की परिपत्रकाची मराठी विद्यार्थी परीक्षेत उतरवीत नव्हता. ही उतरवतो.

आणि 'भंडारा' या शब्दाचीच गंमत पाहा. तो आमचा जिल्हा आहे. तीच जेजुरीला उधळली जाणारी हळद आहे. देहूजवळचा, तुकोबांच्या आठवणीचा डोंगर आहे. आणि कोणत्याही देवळासमोरची जेवणाची पंगतही आहे. मराठी माणूस वाक्यावरून क्षणात ओळखतो की कोणता भंडारा चालला आहे. 'भंडाऱ्याला गेलो' म्हटले तर मात्र तोही थबकतो. नावे विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने असा अनेकार्थी शब्द दुधारी आहे: शोधणारे पुष्कळ, पण त्यातले आपले किती? माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, जेवणवाले लोक आपल्या पानावर येतात आणि लगेच निघून जातात." श्लेषाची इतकी व्यवहारी व्याख्या मी कधी वर्गात दिली नव्हती.

देवनागरीतच पत्ता का घेत नाहीस, असे मी त्याला विचारले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'डॉट भारत' सुरू झाले, तेव्हा देवनागरीतून लिहिल्या जाणाऱ्या ज्या आठ भाषांसाठी ते खुले झाले त्यांत मराठीही होती. तो हसला. असा पत्ता कोणी टंकत नाही, म्हणाला. शिवाय आत सगळे रोमनच असते. ते खरे आहे. नावांची मूळ व्यवस्था रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यावरच उभी असल्यामुळे देवनागरी नावाचे आतल्या आत रूपांतर करावे लागते. 'भारत' हा शब्द त्या यंत्रणेच्या लेखी 'एक्सएन' ही दोन अक्षरे, दोन आडव्या रेघा आणि पुढे 'एच२बीआरजे९सी' असा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या भाषेला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे पेढे आमच्या विभागातही वाटले गेले; आपल्याच लिपीतला पत्ता मात्र आपल्याला नको आहे.

इथे आमचीच एक कथा सांगणे भाग आहे, कारण उपदेश करण्याचा अधिकार आम्ही केव्हाच गमावला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच प्राध्यापकांनी झाडीबोलीतील शब्दांचे एक छोटे संकेतस्थळ केले होते. बांधी, बोडी, पऱ्हे, दंडार; धानाच्या शेतापासून रात्रीच्या खेळापर्यंतचे शब्द, कोणत्या गावी कोणाकडून ऐकले याच्या नोंदींसह. नाव एका सहकाऱ्याच्या खासगी ईमेलवर नोंदवले होते. ते निवृत्त झाले, तो पत्ता त्यांनी पाहणे सोडले, नूतनीकरणाच्या सूचना तिथेच पडून राहिल्या. मुदत संपल्यावरही नाव लगेच जात नाही. आधी सवलतीचे काही दिवस असतात, मग जास्त पैसे भरून सोडवण्याचे तीस दिवस, मग पाच दिवसांची शेवटची घरघर. त्यानंतरच ते बाजारात येते. इतके दिवस आमच्यापैकी एकानेही आपले संकेतस्थळ उघडून पाहिले नाही. पाहिले तेव्हा आमच्या नावाखाली पत्त्यांच्या खेळाच्या जाहिराती होत्या.

असले नाव कोणाला का हवे असावे, याचे उत्तर माझ्या विद्यार्थ्याने दिले. काही महाविद्यालयांच्या आणि वृत्तपत्रांच्या पानांवरून आमच्याकडे येणारे दुवे होते. गूगलच्या मूळ कल्पनेत असा दुवा म्हणजे एक मत असते, आणि मते नावाला पडलेली असतात. माणूस बदलला तरी नावाची पुण्याई काही काळ टिकते. ती विकत घेता येते. या प्रकाराला त्या धंद्यात मोठी मागणी होती. मार्च २०२४ मध्ये गूगलने मुदत संपलेल्या नावांचा असा वापर आणि ढिगाने निर्माण केलेला मजकूर या दोहोंना आपल्या नियमांत गैरप्रकार ठरवले. त्याआधी २०१२ मध्ये, शोधशब्द जसाच्या तसा नावात घालून वर येणाऱ्या निकृष्ट स्थळांनाही खाली ढकलले होते. म्हणजे निकृष्ट मजकुरावर नियम झाले, ते परदेशातल्या एका कंपनीने केले. मराठीच्या शिक्षकांनी या गद्याबद्दल इतक्या वर्षांत काय म्हटले, हे आठवून पाहावे. आम्ही चर्चासत्रे घेतली; त्यांचे निबंध छापील पुस्तिकांत गेले आणि पुस्तिका कपाटांत. तुकाराम शोधणाऱ्या बारावीच्या मुलीला विद्यापीठात शिकवणाऱ्या एखाद्याचा चांगला लेख पहिल्या पानावर सापडत नसेल, तर त्या पानावर जो आहे त्याने ती जागा बळकावली असे म्हणता येत नाही. ती रिकामी होती.

बोलीची अडचण आणखी वेगळी. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो. तसा शब्द शोधायला घातला की यंत्र प्रमाण शब्द पुढे करून विचारते, तुम्हाला असे म्हणायचे आहे का? नाही, आम्हाला तसे म्हणायचे नसते. पण बोलीचे शब्द जिथे लिहिलेलेच नाहीत, तिथे यंत्राने तरी त्यांना चूक न समजता काय समजावे?

आमच्या जुन्या स्थळाची काही पाने 'इंटरनेट अर्काइव्ह'मध्ये सापडली, सगळी नाहीत. ती घेऊन आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे. नाव या वेळी एकदम दहा वर्षांसाठी घेतले, त्याहून अधिक मुदत मिळत नाही. नोंदणी विभागाच्या ईमेलवर केली, आणि मुदतीची तारीख ग्रंथालयाच्या नोंदवहीत लिहून ठेवली. तांत्रिक काम तो विद्यार्थीच करतो, पैसे घेत नाही. त्याला हवा होता तो आठशे शब्दांचा लेखही मी लिहून दिला, सामान्यरूपांसकट. 'भंडारा' हा शब्द त्यात चार वेळा आला आहे आणि 'भंडाऱ्या-' अकरा वेळा.

नव्या स्थळाच्या पहिल्या पानाचे शीर्षक मात्र अजून ठरलेले नाही. माझे म्हणणे 'भंडाऱ्याच्या धानशेतीचे शब्द'. त्याचे म्हणणे 'भंडारा धान शेती शब्द'. आठवडाभर हा वाद फोनवर चालू आहे, आणि खरे सांगायचे तर मागे लाल रेघा ओढताना झाला नव्हता इतका विचार मी या एका आकाराचा आता करतो आहे.