बोटांचा भार

गेल्या गणेशोत्सवाच्या तोंडावर माझा एक माजी विद्यार्थी खिन्न मुद्रेने घरी आला. भजनी मंडळासाठी त्याने सिंथेसायझरवर पेटी, बासरी, तबला असे एकेक भाग वाजवून संगणकात नोंदवले होते. संगणक ते सारे सिंथेसायझरकडून एकत्र वाजवून घेऊ लागला, की तबला अडखळे. "सर, माझ्या हातात तालच नाही. दुसऱ्या कुणाला बसवा," तो म्हणाला.

त्याचा ताल मी शाळेपासून जाणतो. आम्ही यंत्राची पुस्तिका उघडली, नोंदींची यादी पाहिली आणि उलगडा झाला. स्वर मोजके होते. त्यांच्यामागे दाबाच्या नोंदींची रीघ लागली होती.

पट्टी खाली गेल्यावरही बोटाचा भार मोजण्याच्या सोयीस आफ्टरटच म्हणतात. त्या दाबाने स्वरात कंप आणता येतो. भार ० ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. बोट किंचित हलले तरी नवा आकडा निघतो. १९८३ साली प्रचारात आलेल्या मिडी पद्धतीच्या पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला केवळ ३१,२५० बिट जातात, म्हणजे स्वरांचे सुमारे एक हजार संदेश, तेही एकामागून एक. दाबाची गर्दी झाली की तबल्याचा ठोका रांगेत खोळंबतो.

हा भार आला कोठून? पेटीच्या सवयीतून. पेटीत जोर भात्याचा. पट्टीवर बोट रेलून राहिले तरी बिघडत नाही. नव्या वाद्यात मात्र त्या रेलण्याचाही हिशेब होतो.

उपाय सोपा निघाला. पेटी आणि तबल्याच्या आवाजांना दाबाचा उपयोगच नव्हता. मूळ नोंदीची प्रत राखून त्या भागांतील दाबाच्या नोंदी पुसल्या आणि पुढील वादनासाठी आफ्टरटच बंद केला. बासरीचा कंप दाबावरच होता. तेथे नोंदी न पुसता विरळ केल्या. सरसकट पुसल्या असत्या, तर बासरीतला जीव गेला असता.

तबला ठाय लयीत नेमका वाजू लागला. मुलगा बराच वेळ बोलला नाही. उत्सवात तोच बसला.

वाचकहो, मुलाचा हात चुकला असे म्हणण्यापूर्वी आपण यादी उघडून पाहतो काय, हा प्रश्न मी त्या दिवसापासून स्वतःला विचारीत आहे.