विद्युत्-चिकित्सेची वाट आणि गोळ्यांची तजवीज

होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईजवळच्या सैलानीबाबांच्या दर्ग्याकडे जी अफाट यात्रा लोटते, तीत बाहेरची बाधा झाली या समजुतीने आणलेल्या मनोरुग्णांबरोबर मिरगीने, म्हणजेच अपस्माराने, गांजलेली माणसेही असतात. त्यांच्या आप्तांच्या श्रद्धेची हेटाळणी करण्याचा माझा हेतू नाही. औषधांनी हात टेकले अशी ज्या कुटुंबाची खात्री झाली, ते देवाच्या दारी जाणारच. मात्र औषधांनी खरोखर हात टेकले होते काय, याची चौकशी कोणी केलेली नसते, हे मला असह्य वाटते.

ही चौकशी आज निकडीची झाली आहे, कारण औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर सौम्य विद्युत्प्रवाहाची चिकित्सा आता प्रयोगावस्थेतून बाहेर पडली आहे. मेंदूतील पेशींचे समूह एकाच वेळी अनावर विद्युत्स्राव करू लागले की झटका येतो. त्या अनावरपणास बाहेरून दिलेल्या नियमित स्पंदांनी आवर घालावा, हे या चिकित्सेचे तत्त्व होय. छातीच्या डाव्या बाजूस त्वचेखाली लहानसे यंत्र बसवून त्याची तार मानेतील व्हेगस चेतातंतूस गुंडाळण्याची पद्धती अमेरिकेत १९९७ साली मान्य झाली. येऊ घातलेला झटका ओळखून त्याच क्षणी प्रवाह सोडणारे, कवटीत बसवायचे यंत्र २०१३ साली, आणि मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमसपर्यंत तारा उतरवण्याची पद्धती २०१८ साली. ११० रुग्णांवर झालेल्या या शेवटच्या पद्धतीच्या परीक्षेत दोन वर्षांअखेर झटक्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक घटले. ज्याला आठवड्यातून अनेकदा झटके येतात, त्याला ही घट केवढी मोठी आहे हे विहिरीच्या काठाने वावरणाऱ्या शेतकऱ्याच्या घरच्यांना विचारावे. तथापि रोग समूळ जाणे विरळा. गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि खर्च लाखांच्या घरात जातो. शिवाय झटक्याचे मूळ मेंदूच्या एकाच भागात सापडले, तर शस्त्रक्रियेचा विचार आधी व्हावयास हवा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत.

आता मुख्य मुद्दा. योग्य निवडीची दोन औषधे, योग्य मात्रेत, नियमितपणे घेऊनही झटके थांबले नाहीत तरच अपस्मार औषधांना दाद देत नाही असे म्हणावे, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा २०१० सालचा निर्णय आहे. अशा रुग्णांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांश; बाकीच्यांचा रोग गोळ्यांनीच आटोक्यात येतो. परंतु संग्रामपूर किंवा सिंदखेडराजा तालुक्यातील जो मजूर एक दिवसाची मजुरी बुडवून गोळ्यांसाठी दवाखान्यात येतो, साठा संपला म्हणून रिकाम्या हाताने परततो आणि औषध एकाएकी तुटल्यामुळेच पुन्हा कोसळतो, त्याच्या बाबतीत औषध हरले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? लग्न ठरावे म्हणून जिचा आजार दडवला गेला आणि सासरी जिला गोळी चोरून घ्यावी लागते, अखेर सोडावीच लागते, त्या मुलीचेही तेच. विवाहास अपात्र ठरवणाऱ्या कारणांतून अपस्मार कायद्याने १९९९ सालीच वगळला. घरोघरच्या दप्तरी मात्र ती नोंद अजून कायम आहे.

बुलढाण्यास २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे अपस्मारासाठी आठवड्याचा एक वार मुक्रर करावा, मेंदूच्या विद्युत्-आलेखाची सोय असावी, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्यांचा साठा बारमाही राहील अशी तजवीज करावी आणि रुग्णांची तालुकावार नोंदवही ठेवावी. एवढे झाल्यावर जे रुग्ण खरोखरच दाद न देणारे ठरतील, त्यांना मुंबई-नागपूरच्या तज्ज्ञांकडे शिफारशीनिशी पाठवून यंत्राचा खर्च सरकारने सोसावा. तो भार गरिबाच्या शेतीवर टाकू नये. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी येत्या अर्थसंकल्पापूर्वी सरकारदरबारी रुजू करावी, आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून एकही गोळी बंद करू नये, अशी माझी विनंती आहे.