गुणाकार चुकला होता



‘आकडे खोटं बोलत नाहीत’ असं ठणकावताना गेल्या अंकातील पत्रलेखकांनी स्वतःच्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनाचा आरोप असलेल्या इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांच्या खटल्यातला ‘७ कोटी ३० लाखांत एक’ हा आकडा पुढे केला आहे. तो आला कुठून? कमी जोखमीच्या घरात (धूम्रपान नाही, कमावतं माणूस आहे वगैरे) तान्हं बाळ अकस्मात दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. बाळं दोन गेली, म्हणून सरकारी पक्षाचे तज्ज्ञ साक्षीदार डॉ. रॉय मेडो यांनी १९९९ मध्ये न्यायालयात ८,५४३ चा सरळ वर्ग सांगितला. हा गुणाकार दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसेल तरच चालतो. इथे सख्खी भावंडं, आईबाप तेच, घर तेच!

बरं, आकडा घटकाभर खरा धरू. तरी ती बाई निर्दोष असण्याची शक्यता ठरत नाही. आईनं दोन तान्ह्या मुलांचा जीव घेणं हेही अत्यंत दुर्मीळच. ते कुणी मोजून ज्यूरीसमोर ठेवलं नाही. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं २००१ मध्ये जाहीर हरकत घेतली. २००३ मध्ये अपिलात बाई सुटल्या, त्याही मुख्यतः दुसऱ्या बाळाच्या जंतुसंसर्गाचा तपासणी अहवाल बचाव पक्षाला दिलाच नव्हता हे उघड झालं म्हणून. पत्रलेखकांनी निदान अपिलाचा निकाल तरी पाहायचा होता.

– एक संख्याशास्त्र शिक्षक, सोलापूर