लिनक्सला स्वस्त चालते, वाट्टेल ते नाही

विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर बहुधा आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा हवा. परिणामी, धडधाकट चालणारे असंख्य लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे झाले आणि विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सची चर्चा पुन्हा सुरू झाली. या चर्चेत दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत, लिनक्सवर साधे वायफायही लागत नाही, भानगडीत पडू नये. दुसरे मत, लिनक्स कुठल्याही डबड्यावर पळते, मिळेल ते घ्यावे. दोन्ही मते परस्परविरोधी आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत.

पहिल्या मताला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य करायला हवे. डायल-अपच्या काळात स्वस्तातले बरेचसे मोडेम आपले निम्मे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवत. लिनक्सवर ते मुके होत. पुढे ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांनी तोच छळ मांडला. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने तर चिपांना लागणारे बंदिस्त फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरबाहेर ठेवण्याचे तत्त्व वर्षानुवर्षे पाळले, त्यामुळे नवख्याला वायफाय सुरू करण्यासाठी आधी इंटरनेट शोधावे लागे! पण जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळते. इंटेलच्या ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असतात. एएमडीचा नवा ग्राफिक्स ड्रायव्हरही २०१५पासून तिथेच आहे. अशा मशीनवर ड्रायव्हरची सीडी शोधायची वेळच येत नाही. ही जुनी तक्रार आजच्या ग्राहकाला ऐकवण्यात अर्थ नाही.

दुसरे मत अधिक घातक, कारण त्यात उत्साह आहे. कॅननचा एलबीपी २९०० घ्या. झेरॉक्सच्या दुकानापासून सरकारी कचेरीपर्यंत हा प्रिंटर दिसतो. विंडोजवर तो गुणी आहे. पण त्याला कंपनीची स्वतःची कॅप्ट ही छपाईभाषाच कळते, आणि लिनक्सवर तिचा ड्रायव्हर बसवताना भलेभले घाम पुसतात. एचपीचा लेझरजेट १०२० तर दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर मागतो. याउलट, एअरप्रिंटची सोय असलेला साधा प्रिंटर लिनक्सवर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापू लागतो.

ग्राफिक्स कार्डांच्या एनव्हिडियाचीही तीच गत. २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीला भर सभेत शिवी हासडली, ती उगाच नव्हे. २०२२मध्ये कंपनीने कर्नलपुरते ड्रायव्हर खुले केले, पण ते ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. जुन्या स्वस्त कार्डांचा बंदिस्त ड्रायव्हर कंपनी कालांतराने वाऱ्यावर सोडते आणि मग नव्या कर्नलशी त्याचे जमेनासे होते.

तिसरा एक गैरसमज दुकानातच जन्मतो: डॉसवाला लॅपटॉप म्हणजे लिनक्सचा लॅपटॉप. फ्रीडॉस घालून विकलेल्या मशीनमध्ये विंडोजची किंमत धरलेली नसते, एवढेच. त्यातली वायफाय चिप किंवा बोटाच्या ठशाचा सेन्सर लिनक्सवर चालेल, अशी हमी कुणी दिलेली नसते.

मग घ्यावे काय? कमी बजेटवाल्याने अगदी खालच्या किमतीच्या नव्या लॅपटॉपपेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला बिझनेस लॅपटॉप घ्यावा: लेनोवोचा थिंकपॅड टी मालिकेतला, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक. खालच्या किमतीच्या नव्या मशीनमध्ये अनेकदा ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि एसएसडीच्या जागी मंद ईएमएमसी. दोन्ही पुढे बदलता येत नाहीत. २०१८च्या थिंकपॅड टी४८०मध्ये मात्र रॅमचे दोन स्लॉट आहेत, बाहेरून काढता येणारी बॅटरी आहे आणि बहुधा इंटेलचेच वायफाय असते. त्याच्या आधीचा, सातव्या जनरेशनचा टी४७० विंडोज ११च्या यादीत बसत नाही. लिनक्सला त्याचे काहीच वावडे नाही. शिवाय थिंकपॅड लिनक्सच्या अनेक विकासकांच्या स्वतःच्या टेबलावर असतो, त्यामुळे त्यातली खोट त्यांनाच आधी टोचते.

जुन्या मालाला जोखीम असतेच. बॅटरी दमलेली असते, बिजागर सैल असते, कधी बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड असतो. त्यातला पासवर्ड सोडला, तर बाकीचे थोडक्या खर्चात सुधारते. आणि ज्याचे पोट श्रीलिपीतल्या डीटीपीवर किंवा टॅलीवर आहे, त्याने विंडोज सोडूच नये. तिथे प्रश्न हार्डवेअरचा नसून सॉफ्टवेअरचा आहे.

बाकीच्यांनी पैसे मोजण्यापूर्वी पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे वितरण घालून दुकानात न्यावे. मशीनमध्ये काहीही न बसवता ते त्यावरूनच सुरू करावे. वायफाय जोडावे, आवाज ऐकावा, कॅमेरा आणि ब्लूटूथ पाहावे, झाकण मिटून पुन्हा उघडावे, यूएसबीचा प्रत्येक पोर्ट तपासावा. पंधरा मिनिटांत निकाल लागतो. दुकानदार एवढेही करू देत नसेल, तर सरळ पुढच्या दुकानात जावे.